प्रमुखपद फायटरच्याच वैमानिकाचं का?

थिएटर कमांडचा, म्हणजे तीनही दलं एकाच सेनापतीच्या हाताखाली आणण्याचा, विषय निघाला की हवाई दलाबद्दलचा एक जुना वाद हमखास डोकं वर काढतो. दलाच्या सर्वोच्च पदावर फायटरच्या वैमानिकाखेरीज दुसऱ्या कुणी बसावं का? मुंबईत हा वाद मी दादर-पार्ल्याच्या व्याख्यानांनंतर सभागृहाबाहेर ऐकला आहे, निवृत्त अधिकाऱ्यांच्या दिवाणखान्यात ऐकला आहे, आणि दर वेळी तो त्याच दोन सुरांत अडकलेला पाहिला आहे. एक बाजू म्हणते, हवाई दलाची धार म्हणजे फायटर, बाकी सगळी वाहतूक; वाहतूक सांभाळणाऱ्याच्या हाती युद्ध कसं द्यायचं? दुसरी बाजू सियाचीनचे, महापुरांचे, दोरावरून उचललेल्या माणसांचे फोटो पुढे करते आणि विचारते, एवढं धाडस करणाऱ्यांना वरचं पद का नाही? पहिले वेग मोजतात, दुसरे शौर्य मोजतात. सर्वोच्च पदावरच्या माणसाला रोज काय ठरवावं लागतं, हे मात्र कुणीच विचारत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. चाळीस वर्षांच्या सेवेनंतर एखाद्याच्या हाती हवाई दल सोपवताना तो बाविसाव्या वर्षी कुठल्या कॉकपिटमध्ये बसला, हा निकष असू नये. आणि आजच्या युद्धाची रीत पाहता हेलिकॉप्टरच्या वैमानिकाची कारकीर्द ही या पदाची तयारी म्हणून कुठेही उणी नाही. काही बाबतींत ती जास्त उपयोगी आहे.

आपल्याकडे याचं उदाहरण एकच आहे. एअर चीफ मार्शल फली होमी मेजर यांना ३१ डिसेंबर १९६७ रोजी कमिशन मिळालं आणि ३१ मार्च २००७ रोजी ते हवाई दलप्रमुख झाले. मेजर हे त्यांचं आडनाव, हुद्दा नव्हे. या पदावर पोचलेले ते पहिले हेलिकॉप्टर वैमानिक. जन्म सिकंदराबादचा असला तरी मुंबईच्या पारशी वस्तीत त्यांचं नाव माणेकशा, अस्पी इंजिनियर आणि ॲडमिरल जाल कर्सेटजी यांच्या पंक्तीत घेतलं जातं. ३१ मे २००९ रोजी ते निवृत्त झाले. त्यांच्यानंतर आलेले नाईक, ब्राऊन, राहा, धनोआ, भदौरिया, चौधरी आणि ए. पी. सिंग हे सातही जण फायटरचे. मुळगावकर, टिपणीस, नाईक, चौधरी ही आजवरच्या हवाई दलप्रमुखांतली मराठी नावं मलाही अभिमानाची आहेत आणि त्यांतल्या कुणाचीही योग्यता मला कमी लेखायची नाही. पण एका माणसासाठी उघडलेलं दार त्याच्या पाठीमागे पुन्हा लागलं, ही वस्तुस्थिती आहे, आणि ते का लागलं हे विचारण्याचा नागरिकांना हक्क आहे.

मेजर यांची ओळख करून देताना सगळे ऑक्टोबर १९९२ ची परवाणूची घटना सांगतात. मीही सांगणार आहे, कारण वेगळं आहे. हिमाचलातल्या टिंबर ट्रेल रिसॉर्टची केबल कार दरीच्या मधोमध लटकून पडली, आत पर्यटक. सरसावाच्या हवाई तळावरून मेजर यांनी आणलेलं एमआय-१७ हेलिकॉप्टर त्या डब्याच्या वर नेऊन स्थिर धरायचं, पॅरा कमांडो मेजर इव्हान जोसेफ क्रास्टो यांना विंचच्या दोराने डब्याच्या छतावर उतरवायचं आणि एकेकाला वर ओढायचं, असं ते काम. आता जरा कॉकपिटमध्ये बसून पाहा. वैमानिकाला आपल्या पोटाखालचा डबा दिसतच नाही. उघड्या दारात पालथा पडलेला सहकारी खाली पाहून सांगणार, थोडं डावीकडे, अर्धा मीटर पुढे, थांबा, आता धरून ठेवा. आणि वैमानिकाने त्या आवाजावर विसंबून काही टन वजनाचं यंत्र हवेत जागच्या जागी धरायचं. जास्त खाली गेलं तर पंख्याच्या वाऱ्याने डबा हेलकावणार, केबलही जवळ. जास्त वर राहिलं तर दोरावरचा माणूस लंबकासारखा झुलणार. अंधार पडला तेव्हा सगळे बाहेर आले नव्हते. क्रास्टो उरलेल्यांना धीर द्यायला रात्रभर त्या डब्यातच राहिले आणि दुसऱ्या दिवशी काम पुरं झालं. क्रास्टो यांना कीर्तिचक्र मिळालं, मेजर यांना शौर्यचक्र.

या प्रसंगातून धाडसाचं कौतुक करून थांबणं हाच दुसऱ्या बाजूचा कच्चा युक्तिवाद. धाडस जग्वारमध्येही लागतं, मिग-२१ मध्ये तर फारच लागलं. मला यात दिसतं ते दुसरंच. या कामात कॉकपिटमधला माणूस स्वतःच्या डोळ्यांवर चालत नव्हता. दुसऱ्याच्या सांगण्यावर, दुसऱ्या दलाच्या माणसाच्या गरजेनुसार, जमिनीवरच्या नागरिकांच्या जिवाची काळजी वाहत तो निर्णय घेत होता. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाचं जवळजवळ सगळं आयुष्य असंच जातं. सियाचीनवर तो लष्कराच्या चौकीसाठी उडतो, पुरात जिल्हाधिकाऱ्यांच्या मागणीवर, समुद्रावर नौदलाबरोबर. ज्याला तीनही दलांना एकत्र घेऊन लढायचं आहे, त्याच्यासाठी याहून जवळची शिकवणी कुठली?

आता विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायलाच हवं, आणि ते थोडंथोडकं नाही. पहिली गोष्ट, आकाश आपल्या ताब्यात नसेल तर हेलिकॉप्टर हे सोपं सावज आहे. कारगिलच्या वेळी, २८ मे १९९९ रोजी, तोलोलिंगवर हल्ला करायला गेलेलं एमआय-१७ खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडलं गेलं आणि आतले चौघेही हुतात्मा झाले. मुळात लष्कराने हेलिकॉप्टरं मागितली होती आणि त्या उंचीवर ती टिकणार नाहीत असं तेव्हाचे प्रमुख एअर चीफ मार्शल टिपणीस यांचं म्हणणं होतं. ते म्हणणं खरं ठरलं. त्यानंतर हेलिकॉप्टरं हल्ल्याच्या कामातून काढून घेतली गेली आणि मिराज-२००० च्या लेझर-मार्गदर्शित बॉम्बनी काम केलं. दुसरी गोष्ट, प्रशिक्षणात वरचे गुण मिळवणारी बरीच मुलं फायटरकडे जातात, त्यामुळे तिथे गुणवत्ता एकवटते. तिसरी आणि सर्वांत वजनदार: हवाई दलाला मंजूर आहेत ४२ फायटर स्क्वॉड्रन, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये शेवटची मिग-२१ निवृत्त झाल्यावर हाताशी राहिल्या तिसाच्याही आत. अशा वेळी ज्याने फायटर उडवलेलं नाही त्याने फायटरचा प्रश्न सोडवायचा, हे जोखमीचं नाही का?

तिसऱ्यापासून सुरुवात करू. स्क्वॉड्रन घटत गेल्या त्या काळात प्रमुखपदी कोण होते? मेजर यांची दोन वर्षं सोडली तर फायटरचेच वैमानिक. यात त्यांचा दोष आहे असं मी मुळीच म्हणत नाही. विमानं कमी पडली ती खरेदीतल्या दिरंगाईने, तेजसच्या रखडलेल्या उत्पादनाने, मंत्रालयांमधल्या फायलींच्या प्रवासाने. १२६ मध्यम लढाऊ विमानांची निविदा ऑगस्ट २००७ मध्ये निघाली, २०१५ मध्ये तो विचार सोडून ३६ राफेलवर गाडी आली. पण मग हे दुखणं प्रमुखाच्या फायटर अनुभवाने बरं होत नाही, हेही मान्य करावं लागेल. आणि त्या निविदेची तारीख पुन्हा एकदा पाहा. ती निघाली तेव्हा हवाई दलाचा प्रमुख हेलिकॉप्टरचा वैमानिक होता. ऑगस्ट २००८ मध्ये आपली सुखोई-३० विमानं अमेरिकेतल्या रेड फ्लॅग सरावात पहिल्यांदा उतरली, मे २००९ मध्ये पहिलं अवॅक्स, म्हणजे हवेतून टेहळणी करणारं रडारधारी विमान, दलात आलं, तेही त्याच कारकिर्दीत. या गोष्टींचं सगळं श्रेय मी मेजर यांना देणार नाही. अशी कामं अनेक वर्षं आणि अनेक हातांनी होतात. मुद्दा एवढाच की हेलिकॉप्टरवाला आला म्हणून फायटरकडे दुर्लक्ष झालं, असं दाखवायला कुणाकडे काही नाही.

त्याच काळातली आणखी एक घटना फारशी कुणी सांगत नाही. ३१ मे २००८ रोजी दौलत बेग ओल्डीच्या धावपट्टीवर चार दशकांहून अधिक काळानंतर हवाई दलाचं एएन-३२ वाहतूक विमान उतरलं. मग फुकचे, आणि मेजर निवृत्त झाल्यावर न्योमा. लडाखमधल्या या धावपट्ट्यांचं महत्त्व २०२० मध्ये गलवाननंतर सगळ्या देशाला कळलं. उंचावरच्या चौक्यांना जगवायचं कसं, हा प्रश्न ज्या दलाच्या प्रमुखाने स्वतः सियाचीनच्या विभागात हेलिकॉप्टर तुकडीची धुरा वाहताना सोसला होता, त्या दलाने त्या धावपट्ट्यांकडे लक्ष द्यावं यात मला नवल वाटत नाही.

रसदीकडे दुर्लक्ष करण्याची किंमत आपल्या इतिहासात आपण मोजलेली आहे. पानिपतावर मराठ्यांकडे इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता, घोडदळ होतं. गोलाने, म्हणजे सैन्य एकत्र गोलात बांधून, लढायचं की गनिमी काव्याने, यावर सरदारांचे तट पडले. ज्याचं जे हत्यार त्याला तेच युद्ध वाटत होतं. आणि दुसरीकडे रसद तुटत होती. डिसेंबर १७६० मध्ये रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, छावणीत उपासमार सुरू झाली, आणि १४ जानेवारीला सैन्य उपाशीपोटी लढाईला उभं राहिलं. दाणागोटा पोचवणाऱ्याचा प्रश्न हा सेनापतीचा पहिला प्रश्न असतो, हे शाळेत शिकलेला मराठी माणूस हवाई दलाबद्दल बोलताना वाहतूक हा शब्द एवढ्या हलक्याने का वापरतो?

कारगिलच्या मुद्द्याचं उत्तर १९७१ मध्ये आहे. आगेकूच करणाऱ्या चौथ्या कोअरपुढे मेघना नदी आडवी आली, आशुगंजचा पूल पाकिस्तान्यांनी उडवलेला. जनरल सगत सिंग थांबले नाहीत. ९ डिसेंबरपासून एमआय-४ हेलिकॉप्टरांनी जवान नदीपलीकडे नेऊन उतरवले आणि ढाक्याची वाट मोकळी केली. ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांना त्या युद्धातल्या कामगिरीसाठी महावीरचक्र मिळालं. हे शक्य झालं कारण त्याआधीच मिग-२१ आणि हंटरनी तेजगावची धावपट्टी उखडून पूर्वेकडचं पाकिस्तानी हवाई दल जमिनीला खिळवलं होतं. फायटरशिवाय मेघना ओलांडता आली नसती, हे शंभर टक्के कबूल. पण फायटरने फक्त आकाश उघडलं. नदी ओलांडायची कल्पना सुचली, पटली आणि तडीस गेली ती लष्कराचा एक सेनापती आणि हवाई दलाचा एक अधिकारी एकाच नकाशावर वाकले होते म्हणून. सर्वोच्च पदावर लागते ती ही जोडणी. ती फक्त फायटरच्या कॉकपिटमध्ये शिकता येते, हे कुणी सिद्ध केलं आहे?

मुंबईकरांनी तर हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री आपल्याला हवाई शक्तीची गरज होती, आणि ती सुखोईची नव्हती. मानेसरच्या कमांडोंना मुंबईत आणणारं विमान दिल्लीत वेळेवर हवं होतं. ते पोचेपर्यंत इथे पहाट झाली. २८ तारखेच्या सकाळी कुलाब्याच्या दाटीत, जिथे दोन इमारतींच्या मधून हात बाहेर काढला तर समोरच्या खिडकीला लागेल, तिथे नरिमन हाऊसच्या गच्चीवर एमआय-१७ येऊन स्थिरावलं आणि एनएसजीचे जवान दोरावरून उतरले. आसपासच्या गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या, वायरी, अँटेना, आणि खालच्या इमारतीत शस्त्रं घेतलेले अतिरेकी. घराघरांत टीव्हीवर ते दृश्य सगळ्यांनी श्वास रोखून पाहिलं. हवालदार गजेंद्र सिंग बिश्त त्याच इमारतीत हुतात्मा झाले. त्या दिवशी हवाई दलाचे प्रमुख मेजर होते. कारवाई त्यांनी आखली असा माझा दावा नाही. पण आपल्या शहरावर युद्ध आलं तेव्हा ते कुठल्या यंत्रांनी लढावं लागलं, हे विसरून हेलिकॉप्टरला दुय्यम म्हणणं मुंबईच्या माणसाला शोभत नाही.

यावर लगेच येणारा प्रतिवाद मला ठाऊक आहे: हेलिकॉप्टरचा माणूस बचाव करेल, प्रतिहल्ल्याची खुमखुमी त्याच्यात कुठून येणार? याचं उत्तर एका फायटर वैमानिकानेच दिलं आहे, तेही मुंबईत. डिसेंबर २०१९ मध्ये माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये विद्यार्थ्यांपुढे बोलताना निवृत्त एअर चीफ मार्शल धनोआ म्हणाले की २६/११ नंतर पाकिस्तानातल्या दहशतवादी तळांवर हल्ला करायला हवाई दल सज्ज होतं. न करण्याचा निर्णय राजकीय होता. म्हणजे हेलिकॉप्टर वैमानिकाच्या हाताखालचं हवाई दल हल्ल्याला सज्ज होतं. ब्रिटनमध्ये सर अँड्र्यू पल्फर्ड हे हेलिकॉप्टर वैमानिक २०१३ ते २०१६ या काळात रॉयल एअर फोर्सचे प्रमुख होते. इराक आणि सीरियात आयसिसवर टोर्नेडो आणि टायफूनचे हल्ले त्यांच्याच कारकिर्दीत झाले. अमेरिकेने २००८ मध्ये हवाई दल नॉर्टन श्वार्ट्झ यांच्या हाती दिलं, ते वाहतूक विमानं आणि विशेष मोहिमांची हेलिकॉप्टरं उडवलेले. त्याच अमेरिकेत एके काळी बॉम्बरवाल्यांशिवाय कुणी प्रमुख होऊ शकत नाही असं मानलं जायचं, मग तेच फायटरवाल्यांबद्दल मानलं जाऊ लागलं. मक्तेदारी बदलत राहिली. तिच्या बाजूने दिलेली कारणं मात्र दर वेळी तीच.

आपल्याकडची इतर दलं पाहा. नौदलात विमानं उडवणारे ताहिलियानी प्रमुख झाले, पाणबुडीतले शेखावत प्रमुख झाले. लष्करात ३० एप्रिल २०२२ रोजी नागपूरचे मनोज पांडे प्रमुख झाले, बॉम्बे सॅपर्सचे, इंजिनियर कोअरमधून या पदावर पोचलेले पहिले अधिकारी. पूल बांधणारा आणि सुरुंग काढणारा माणूस पायदळ आणि रणगाड्यांचं नेतृत्व कसं करणार, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. आपण सगळ्यांनी पेढे वाटले. मग हवाई दलाला वेगळा न्याय का?

आता गुणवत्तेचा मुद्दा. हा मला सर्वांत जास्त लागतो, कारण हा पंक्तिप्रपंच आपण घरात आणला आहे. मुलुंडला आमच्या जिन्यावरच्या एका मुलाचं प्रशिक्षणात वर्गीकरण झालं तेव्हा त्याची आई पेढ्यांचा डबा घेऊन दारात आली आणि डबा पुढे करता करताच म्हणाली, "हेलिकॉप्टर मिळालंय हो वहिनी, फायटर थोडक्यात हुकलं." मुलगा पाठीमागे उभा होता, मान खाली. देशाच्या हवाई दलाचा वैमानिक झालेला मुलगा, आणि घरात निकाल लागल्यासारखी शांतता. तो पुढे ज्या उंचीवर चीता हेलिकॉप्टर उतरवणार होता तिथे हवा इतकी विरळ असते की एक जवान किंवा दोन कॅन रॉकेल यांत निवड करावी लागते. वजनाची, वाऱ्याची आणि इंधनाची ही बेरीज-वजाबाकी चुकली तर दुसरी संधी नाही. ही गुणवत्ता कमी प्रतीची आहे, हे कुठल्या मोजपट्टीने ठरलं? बाविसाव्या वर्षी मुलाची प्रतिक्रिया किती जलद आहे, हे प्रशिक्षणात दिसतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी तो दोन दलांचं भांडण मिटवू शकेल का, मंत्र्याला नाही म्हणू शकेल का, हे तिथे दिसत नाही आणि दिसायची सोयही नाही.

आणि यात मुलींचा प्रश्न आहे, तो तर कुणी काढतच नाही. हवाई दलाने १९९० च्या दशकात स्त्रियांना वैमानिक म्हणून घेतलं ते हेलिकॉप्टर आणि वाहतूक विमानांसाठी. फायटरची दारं उघडली २०१६ मध्ये. म्हणजे प्रमुखपद फायटरचंच, ही अलिखित रीत चालू राहिली तर मधल्या सगळ्या वर्षांतल्या स्त्री अधिकाऱ्यांचा विचारही होणार नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरची माहिती देशाला द्यायला विंग कमांडर व्योमिका सिंग उभ्या राहिल्या. त्या हेलिकॉप्टरच्या वैमानिक आहेत. देशाचा चेहरा म्हणून त्या चालतात, मग त्यांच्यासारख्या कारकिर्दीला शेवटची पायरी का बंद?

हे बदलायला मेजर यांच्यासारखा एखादा अपवाद पुन्हा घडण्याची वाट पाहून चालणार नाही. तेही तिथवर पोचले ते वाटेतली पदं मिळाल्यामुळे: एकात्मिक संरक्षण मुख्यालयात कामकाजाचे उपप्रमुख म्हणून डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तीनही दलांच्या मदतकार्याचा समन्वय त्यांच्याकडे होता, आणि पुढे शिलाँगला पूर्व हवाई कमांडची सूत्रं. त्या कमांडखाली फायटरचे तळही येतात. प्रमुखाची निवड सरकार वरच्या मोजक्या नावांतून करतं. त्या नावांत कोण असेल, हे दहा-पंधरा वर्षं आधी कुणाला कुठला तळ आणि कुठली कमांड मिळाली यावर ठरतं. म्हणून मागणी प्रमुखपदाच्या कोट्याची नको. हेलिकॉप्टर आणि वाहतूक शाखेतल्या निवडक अधिकाऱ्यांना ग्रुप कॅप्टनच्या हुद्द्यापासून मोहिमांच्या आखणीची, हवाई संरक्षणाची, फायटर तळांवरची कामं नेमाने द्यावीत, आणि तेवढ्याच नेमाने फायटरच्या अधिकाऱ्यांना लष्कर आणि नौदलाबरोबरच्या नेमणुकांवर पाठवावं. थिएटर कमांड आल्या तर अशी माणसं लागणारच आहेत. मेजर यांना कमिशनपासून प्रमुखपदापर्यंत ३९ वर्षं लागली. आज हैदराबादजवळच्या हकीमपेटच्या प्रशिक्षण तळावर हेलिकॉप्टरवर पहिलं उड्डाण करणारा मुलगा किंवा मुलगी २०६५ च्या सुमाराला त्या मोजक्या नावांत असू शकेल, आणि त्या वाटेवरच्या नेमणुकांचं धोरण ठरवण्याचं काम आज हवाई मुख्यालयात बसलेल्या अधिकाऱ्यांचं आहे.